गोल जिन्याची शंका

११ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र परवा पोचलं. आईच्या नव्या चष्म्याच्या काचा तू तुझ्या चष्म्याच्या दुकानात स्वतः घासल्यास आणि आता तिला पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवता येतो, हे वाचून तुझी वहिनी म्हणाली, "म्हणजे आता इकडे आल्या की माझ्या शिवणातल्या चुका काढणार." तेव्हा सध्या तिला तिकडेच ठेव. इकडे सगळं ठीक. माझं ब्लडप्रेशर गोळी घेतली की शहाण्यासारखं वागतं. गोळी विसरलो की वहिनी वागत नाही.

फोन असताना पत्राचा उद्योग कशाला, असं तू विचारलंयस. अगं, फोनवर आपण दोघं तीन मिनिटांत संपतो. तब्येत, आई, हवा, ठेवू का. मागच्या खेपेला आई पलीकडून म्हणालीच ना, "सख्खी भावंडं तुम्ही, कधी भांडत कशी नाही? पाहुण्यांसारखं गोड गोड बोलता." ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून पत्र.

तीस वर्षांत मी तुला फिजिक्सबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. त्या तोंडी परीक्षेत तू खडू खाली ठेवलास, दार ओढून घेतलंस आणि पुन्हा परीक्षेला बसली नाहीस. तेव्हापासून तो विषय आपल्या घरात कुणी काढला नाही. आज मी काढतोय. राग आला तर पत्र फाडून टाक, पण वाचून झाल्यावर फाड.

यंदा मे महिन्यात मी रिटायर होणार, म्हणून कॉलेजने माझे तास कमी करून मला कॉलेजची जुनी शंकापेटी सांभाळायला दिली आहे. पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला चीर पाडलेली. मुलं चिठ्ठीवर शंका लिहून टाकतात, मी चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागात उत्तर लिहितो आणि आमचे शिपाईमामा ती प्रयोगशाळेबाहेरच्या फळ्यावर टाचतात. नियम मामांचा आहे आणि तो प्राचार्यांपेक्षा कडक आहे. फळ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली असते. ज्याने शंका विचारली त्याने स्वतः येऊन चिठ्ठीवर बरोबरची खूण केली, तरच चिठ्ठी खाली उतरते. नाही समजलं, तर तिथेच लटकते. एक चिठ्ठी आठ वर्षं लटकली आहे : "वेळ मागे का जात नाही?" तिचं उत्तर लिहायची कुणाची छाती झालेली नाही, माझीही नाही.

आणि काय एकेक शंका येतात म्हणून सांगू! मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, "ग्रेडियंट नेहमी सर्वांत जास्त चढाच्या दिशेला जातो, तर त्याला शिखर कुठे आहे ते माहीत असतं का?" मी तासभर ती चिठ्ठी हातात धरून बसलो. नसतं गं माहीत. त्याला फक्त पायाखालची जमीन कळते. पुढच्या पावलाला कुठे जास्त चढ आहे एवढंच तो सांगतो, आणि कितीदा तरी छोट्याच टेकडीवर नेऊन उभा करतो. तीस वर्षं मी हे शिकवतोय, पण "त्याला माहीत असतं का" असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, "डायव्हर्जन्स शून्य म्हणजे तिथे काहीच घडत नाही ना?" त्याला मी मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या दारात उभं केलं. जेवढी मुलं आत येत होती तेवढीच बाहेर जात होती, आणि मध्ये उभ्या असलेल्या त्याच्या पायावर सगळे पाय देत होते. "काहीच घडत नाही का?" विचारल्यावर म्हणाला, "कळलं सर, आता बाहेर येऊ का?"

आता एका चिठ्ठीचं सांगतो, जिचं उत्तर मी तीन आठवडे दिलेलं नाही. संध्याकाळच्या वर्गाला एक बाई येतात, चाळिशीच्या. दिवसा पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं, काम करतात, बोटांच्या टोकांना वार्निशचे डाग कायमचे. सगळे त्यांना वाइंडिंगबाईच म्हणतात. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय :

"तारेतून करंट जातो तेव्हा तारेच्या बाहेर सगळीकडे चुंबकीय क्षेत्राचा कर्ल, म्हणजे जागच्या जागी भोवरा, शून्य असतो असं तुम्ही शिकवलंत. कर्ल शून्य तर फेरी शून्य, म्हणजे पूर्ण फेरीची बेरीज शून्य, असंही शिकवलंत. मग माझा क्लॅम्प मीटर काय मोजतो?"

रोज सकाळी मामा ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवतात. काल म्हणाले, "सर, ही पोर आता लग्नाला आली."

तुला काय वाटतं? सहज विचारतोय.

आईच्या गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तू उत्तरात आईच्या गुडघ्याबद्दल दीड पान लिहिलंस आणि चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही. ठीक आहे. पण शेवटी "मग त्या बाईंना काय सांगितलंस?" एवढं लिहिलंस, ते मी चार वेळा वाचलं. ऐक तर.

गुरुवारी मी वर्गात सरळ म्हटलं, "बाई, उद्या तुमचा मीटर घेऊन या." त्या घेऊनच आल्या होत्या, पिशवीत होता. तू पाहिलायस की नाही कुणास ठाऊक : खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असतो, तो उघडून तारेभोवती मिटायचा. तार कापायची नाही, सोलायची नाही, तिला हातसुद्धा लावायचा नाही. आतून किती करंट जातोय ते मीटर बाहेरून सांगतो.

आम्ही पाणी तापवायची कांडी बादलीत सोडली. बाईंनी तिच्या केबलमधल्या दोन तारा सुट्या केल्या आणि एकीभोवती जबडा मिटला. चार पूर्णांक तीन अँपिअर. मग त्यांनी तार जबड्याच्या एका कोपऱ्यात ढकलली. चार पूर्णांक तीन. दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये, तिरकी, तरी तेवढेच. जबडा काढून तारेला नुसता खेटून मिटला, तार बाहेर. शून्य. जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारा आत घेतल्या. शून्य. मग एकच तार जबड्याला वेढा देऊन दोनदा आतून नेली, तर सरळ दुप्पट. बाई हे इतक्या सराईतपणे करत होत्या, जशी आपली आई पोळी उलटते.

मग मी सगळ्यांना वॉशबेसिनपाशी नेलं. दोन काड्या फुलीसारख्या चिकटवल्या, एका टोकाला एका मुलीने नखाचा लाल रंग लावला. बेसिन भरलं, पाणी गोल हलवलं आणि बूच हळूच काढलं. फुली भोकाभोवती गरगरू लागली. मी म्हटलं, "फुली बघू नका, लाल टोक बघा."

धाकटे, काय सांगू तुला. फुली भोकाभोवती फेऱ्या मारत होती आणि लाल टोक मात्र खिडकीकडेच. भोकाच्या उजवीकडे असली तरी खिडकीकडे, डावीकडे गेली तरी खिडकीकडे. फिरत होती, पण स्वतःभोवती वळत नव्हती. पाण्याला जिथे जिथे विचारावं, "बाबा रे, तुझ्यात भोवरा आहे का?", तिथे तिथे ते म्हणत होतं, छे, माझ्यात कुठला! आणि तरी सगळं पाणी फिरत होतं. शेवटी भोकाच्या तोंडाशी आल्यावर मात्र फुलीने अशी काही गिरकी घेतली की पोरं ओरडलीच. बाई म्हणाल्या, "म्हणजे सगळं तिथेच होतं."

तिथेच होतं. कर्ल सगळीकडे शून्य असतो, पण भोक सोडून. तार सोडून. ते "सोडून" आपण इतक्या घाईने म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटतं, सोडलं ते किरकोळ असेल. तारेजवळची फेरी लहान, पण तिथे जोर जास्त. लांबची फेरी मोठी, तिथे जोर कमी. दोन्हींची बेरीज तंतोतंत सारखी. कितीही लांबून फेरी मारा, मध्ये काय सोडलंय ते त्या फेरीला बरोब्बर ठाऊक असतं. आपण फेरी मारताना तारेला शिवलेलोसुद्धा नसतो! हे मी लिहितोय तेव्हाही अंगावर काटा येतोय. वय सत्तावन्न, आणि बेसिनमधल्या काडीने काटा आणावा.

मी बाईंना विचारलं, "तुम्ही हा मीटर किती वर्षं वापरताय?" म्हणाल्या, "अठरा. सर, आम्हाला हे रोज दिसतं. फक्त हे नवल आहे, हे माहीत नव्हतं."

त्यांनी पेन्सिल हातात घेऊन चिठ्ठीवर खूण केली. एवढी मोठी, की अर्धं उत्तर झाकलं गेलं. मामांनी चिठ्ठी काढली आणि खिशात ठेवली. एरवी डब्यात टाकतात.

आता तुझ्याबद्दल. तोंडी परीक्षेत तू असंच काहीतरी म्हणाली होतीस, नाही का? आपल्या गच्चीवर जायच्या गोल लोखंडी जिन्याचं. परीक्षक म्हणाले, कर्ल शून्य म्हणजे फेरी शून्य, प्रत्येक जागेला एकच उंची देता येते. आणि तू म्हणालीस, "सर, गोल जिन्यावर प्रत्येक पायरी नुसती पायरीच असते. पण एक फेरी मारून आलं की आपण त्याच जागी नसतो, वर असतो. मधला खांब सोडला म्हणून असं होतं. मग उंची एकच कशी?" ते म्हणाले, "बाई, आज जिन्याची परीक्षा नाही." मी तिथे हजेरीपट लिहायला बसलेलो. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमच्याच भगिनी ना? तुम्हीच सांगा." आणि मी त्यांची बाजू घेतली.

तुझं बरोबर होतं गं. शंभर टक्के बरोबर. वीस वर्षांच्या मुलीने, कुणी न शिकवता, जिन्यावरून जाता-येता जे पाहिलं, ते माझ्या डोक्यात शिरायला तीस वर्षं आणि एक वाइंडिंगबाई लागली. उशिरा का होईना, प्रकाश पडला म्हणायचा. मनापासून माफी मागतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय शंकासुर,

या नावाने बाबा तुला हाक मारायचे. ते गेल्यावर मी मारायचो, परीक्षेच्या दिवसापर्यंत. आज पुन्हा मारतोय. चालत नसेल तर सांग.

तुझं पाकीट उघडलं. आत पत्र नाही, चष्म्याचे नंबर लिहायचं दुकानातलं कार्ड. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही रकाने कोरे, आणि त्यांच्या खाली तुझ्या बारीक अक्षरात एकच ओळ :

"दादा, तुला हे आत्ता कळलं का?"

इतक्या शंका वाचल्या मी आयुष्यात, पण अशी नेमकी शंका कुणी टाकली नव्हती. वहिनीने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "फिजिक्सचं आहे." ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मग एवढा पांढरा का पडलायस?"

आठ दिवस कार्ड खिशात घेऊन हिंडलो. आता उत्तर देतो. नाही. मला हे आत्ता कळलं नाही.

परीक्षा गुरुवारी झाली. त्या रविवारी दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो. येताना त्याच जिन्यावरून उतरत होतो. डोक्यात तुझं वाक्य होतंच, म्हणून मी उगाच पायऱ्या मोजल्या, तुला खोटं पाडायला. सोळाव्या पायरीवर वर पाहिलं, तर जिथून मोजायला सुरुवात केली ती पायरी बरोब्बर माझ्या डोक्यावर होती. मी तिथेच बसलो. खांबाला हात लावून बसलो. कागद नाही, पेन्सिल नाही, काही लागलंच नाही. एका क्षणात सगळं दिसलं, पुस्तकात न लिहिलेली अटसुद्धा, की मध्ये काही सोडलेलं नसेल तरच फेरी शून्य. मला इतका आनंद झाला होता, धाकटे, की खरं सांगतो, मी तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

मग आठवलं की माझी नोकरी तात्पुरती आहे. मला कायम करायच्या कागदावर त्याच परीक्षकांची सही व्हायची होती, त्याच आठवड्यात. आणि तुझ्या निकालाला अजून पाच दिवस होते. मी सोमवारी जाऊन म्हटलं असतं, "सर, तिचं बरोबर आहे, आपलं दोघांचं चुकलं," तर कदाचित त्यांनी मला हाकलून दिलं असतं, कदाचित चहा पाजला असता. मला अजून माहीत नाही. मी गेलोच नाही.

मी खाली आलो. तू स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होतीस. माझ्या हातात कपड्यांचा ढीग होता आणि वर तुझी ओढणी होती. मी ती तुला दिली आणि म्हणालो, "वाळली बघ."

एवढंच म्हणालो. तुला बहुधा आठवतही नसेल. मला मात्र तीस वर्षांत त्या दोन शब्दांनी सोडलेलं नाही.

आणि त्याआधीचं. परीक्षकांनी विचारल्यावर मी नुसती त्यांची बाजू घेतली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते अर्धंच आहे. मी हसलो होतो. ते हसले म्हणून मीही हसलो. तू तेव्हा त्यांच्याकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. मग खडू ठेवलास, कसा तर अगदी हळू, फुटू नये असा.

तेव्हापासून दरवर्षी कर्लच्या त्या पानावर आलो की मी मुलांना सांगतो, "हे परीक्षेला येत नाही," आणि पान उलटतो. वाइंडिंगबाईंची चिठ्ठी इतके आठवडे अडली, कारण उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर येत होतं आणि ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं. हे सगळं मला बाईंनी शिकवलं असं मी तुला भासवलं. शिकवलं तू.

आई म्हणते आपण भांडत नाही. तीस वर्षांत तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस, मी तुला नाही. कुठलंही पत्र उघडून बघ, कुठलाही फोन आठव, सगळीकडे शून्य. आणि तरी आपण आज कुठे येऊन पोचलो, ते बघ. मध्ये काय सोडलं होतं ते तुला माहीत होतं, नाहीतर हे कार्ड तू लिहिलं नसतंस. किती वर्षं माहीत होतं? आता मी विचारतोय, पण उत्तराची सक्ती नाही.

मला कशाचं नवल वाटतं सांगू? माझ्या लबाडीचं नाही. ती काय, साधी भित्र्या माणसाची लबाडी. नवल याचं वाटतं की हे जग असं आहे. सोळा लोखंडी पायऱ्या. एक मुलगी धुण्याची बादली घेऊन त्यांच्यावरून वर जाते आणि तिला ते दिसतं, जे तिला शिकवणाऱ्यांना दिसलेलं नसतं. आणि ते कुणी हसलं म्हणून खोटं होत नाही. तू काचा घासत बसलीस, मी पान उलटत बसलो, आणि त्या तारेभोवतीची बेरीज तेवढीच राहिली, एका केसाने हलली नाही. मी देवाधर्माचा माणूस नाही हे तुला माहीत आहे, पण याच्यासमोर मी हात जोडून उभा राहू शकतो.

आज सकाळी मी एक चिठ्ठी लिहिली आणि शंकापेटीत न टाकता मामांच्या हातात दिली. तिच्यावर लिहिलंय :

"शंका : गोल जिन्यावर प्रत्येक पायरी नुसती पायरीच असते, मग एका फेरीनंतर आपण वर कसे? विचारणारी : माझी धाकटी बहीण, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा दिलेलं उत्तर : चूक. उत्तर देणारा हसला होता. बरोबर उत्तर त्याला तीन दिवसांनी कळलं, ते त्याने सांगितलं नाही. बरोबर उत्तर असं की, शंकाच बरोबर होती."

खाली माझी सही आणि हुद्दा.

मामांनी दोनदा वाचली. म्हटलं आता काहीतरी टोमणा मारतील. पण त्यांनी ती फळ्याच्या मधोमध टाचली, पोरांची नजर जाईल अशी, आणि म्हणाले, "सर, विचारणारीने खूण केल्याशिवाय मी काढणार नाही. तुम्ही मेमध्ये जाल. चिठ्ठी जाणार नाही." दुपारपर्यंत वर्गातल्या पोरांनी जिन्याचं चित्र काढून तिच्या शेजारी लावलं होतं. वाइंडिंगबाई संध्याकाळी आल्या, चिठ्ठी वाचली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला मला भेटायचंय."

मी माफी मागत नाही. मागच्या पत्रात मागितली, ती खोटी होती, आणि लगोलग दुसरी मागायचं मला तोंड नाही. माझं उत्तर तुला पटलं तर ये, नाही पटलं तर चिठ्ठी लटकू दे, आठ वर्षं लटकणारीला सोबत होईल. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे. मी तिला रोज टोक काढून ठेवतो.

दादा